पदपथाचा पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो

महापालिकेच्या अंदाजपत्रकात मोटारींसाठी होणारा खर्च शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत. उड्डाणपूल, भुयारी मार्ग, रस्तारुंदी, डांबरीकरण, काँक्रीटीकरण अशी कामे आपापल्या नावाने आणि रकमेसह ओळीने छापलेली असतात. चालणाऱ्या माणसासाठी, सायकलस्वारासाठी आणि बसथांब्यावर ताटकळणाऱ्या प्रवाशासाठी त्याच अंदाजपत्रकात किती पैसे आहेत, हे मात्र चार ठिकाणची पाने चाळून बेरीज केल्याशिवाय समजत नाही. कारण पदपथ बहुतेक वेळा रस्त्याच्याच कामात गृहीत धरलेला असतो, सायकलमार्गाला कधी स्वतंत्र लेखाशीर्ष (म्हणजे अंदाजपत्रकातले खर्चाचे खाते) असते तर कधी नसते, बससेवेची तूट परिवहन संस्थेला द्यायच्या रकमेत मिसळलेली असते आणि झेब्रा पट्टे, सिग्नल यांचा खर्च आणखी निराळ्या पानावर सापडतो. हा पैसा येतो कुठून, त्याचे वाटप कोण करते आणि तो वाटेत कुठे अडतो, हे येथे पुण्याच्या उदाहरणावरून पाहू. पुणे निवडण्याचे कारण असे की धोरणांच्या बाबतीत या शहराची पाटी कोरी नाही. शहरी रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे आणि पादचारी धोरण २०१६ मध्ये आले, सर्वंकष सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि पार्किंग धोरण मार्च २०१८ मध्ये. धोरणे आहेत, पैसा अगदीच नाही असेही नाही, आणि तरीही पदपथ चौकाचौकात तुटतो.

आधी जोखमीचे बोलू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे साधारण पाचांत एक, आणि ७४,८९७ जण दुचाकीवरचे होते. महाराष्ट्रातल्या मृत्यूंची संख्या त्या वर्षी १५ हजारांवर होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीप्रमाणे वाहनांचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताची जोखीम सुमारे चार टक्क्यांनी वाढते. वेग मात्र फलकावरच्या आकड्यापेक्षा रस्त्याच्या रचनेवर अधिक ठरतो. मार्गिका रुंद असली, चौकातले वळण ऐसपैस असले आणि रस्ता ओलांडताना मध्ये थांबायला जागा नसली, तर ‘ताशी ३० किलोमीटर’ असा फलक लावूनही वाहने पन्नासने धावतात. म्हणून सुरक्षित रस्त्याचा खर्च हा बव्हंशी रचनेचा, बांधकामाचा आणि देखभालीचा खर्च आहे. प्रबोधनाचे फलक स्वस्त पडतात, म्हणून ते आधी लागतात.

आता हा पैसा कोणाचा, ते पाहू. ‘आम्ही रोड टॅक्स भरतो, तेव्हा रस्ता आमचा’ हा युक्तिवाद सोसायटीच्या बैठकीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. वस्तुतः मोटार वाहन कर राज्य सरकारकडे जातो, आणि पेट्रोल-डिझेलवरचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर केंद्राकडे. महापालिकेच्या तिजोरीत यांपैकी थेट काही पडत नाही. शहरातले रस्ते महापालिका ज्या उत्पन्नातून बांधते त्याचे मोठे स्रोत म्हणजे मिळकतकर, बांधकाम परवानगीच्या निमित्ताने मिळणारी शुल्के आणि जुलै २०१७ पासून स्थानिक कराच्या जागी राज्याकडून मिळणारी जीएसटीची भरपाई. मिळकतकर भाड्याच्या रूपाने भाडेकरूही भरतो आणि जीएसटी तर साबणाची वडी घेणारा प्रत्येक जण भरतो. थोडक्यात, ज्याच्याकडे कसलेच वाहन नाही अशा माणसाच्या पैशातूनही उड्डाणपूल उभा राहतो. तेव्हा पदपथासाठी पैसे मागणे ही सवलतीची मागणी नव्हे.

या स्थानिक उत्पन्नाच्या जोडीला केंद्राचा आणि राज्याचा योजनांमधून येणारा पैसा असतो, आणि बहुतेक गुंतागुंत इथेच आहे. डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले. त्यात पुण्याच्या आकाराच्या शहरासाठी मंजूर कामाचा निम्मा खर्च केंद्राने, २० टक्के राज्याने आणि ३० टक्के महापालिकेने उचलायचा होता. पाठोपाठ २००६ चे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आले, ज्याचा गाभा असा की रस्त्यावरची जागा वाहनांच्या संख्येनुसार न वाटता माणसांच्या संख्येनुसार वाटावी. कात्रज ते हडपसर हा पुण्याचा पहिला बीआरटी, म्हणजे जलद बससेवेचा, मार्ग याच काळातला, डिसेंबर २००६ चा. बसची स्वतंत्र मार्गिका आणि कडेला पदपथ व सायकलमार्ग अशी त्याची कल्पना होती. नांदेडला तर याच नेहरू अभियानात ८० टक्के रक्कम केंद्राची होती. २००८ मधल्या गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने तिथले अनेक रस्ते नव्याने आखले गेले, दिल्लीचे वास्तुरचनाकार प्रदीप सचदेवा यांच्या संस्थेने आराखडे केले, आणि मराठवाड्यातल्या एका मध्यम शहरात रुंद पदपथ व सायकलमार्ग मोठ्या महानगरांच्या आधी दिसले. ही गोष्ट महाराष्ट्रात जितकी माहीत असायला हवी तितकी नाही. त्यानंतर जून २०१५ मध्ये स्मार्ट सिटी अभियान आले. त्यात प्रत्येक शहराला केंद्राचे ५०० कोटींपर्यंत आणि तितकीच जोड राज्य व महापालिकेची असे गणित होते. औंधमधल्या डीपी रस्त्याचे रुंद पदपथ त्यातूनच झाले. ते अभियानही ३१ मार्च २०२५ रोजी संपले.

या सगळ्या योजनांचे एक समान वैशिष्ट्य आहे: त्या भांडवली खर्चासाठी पैसे देतात. अंदाजपत्रकाच्या भाषेत नवे काही उभारण्याचा खर्च भांडवली आणि असलेले चालवण्या-सांभाळण्याचा खर्च महसुली. पदपथ बांधणे पहिल्या खात्यात जाते. उखडलेले ब्लॉक पुन्हा बसवणे, झेब्रा पट्टे पावसाळ्यानंतर पुन्हा रंगवणे, बसथांब्यावरचा दिवा चालू ठेवणे ही कामे दुसऱ्या खात्यात, जिथे त्यांना पगार, निवृत्तिवेतन, पाण्याच्या पंपांचे वीजबिल आणि कचरा वाहतूक यांच्याशी स्पर्धा करावी लागते. त्या रांगेत पट्टे रंगवण्याचा नंबर शेवटी लागतो. योजना संपली की बाहेरचा पैसा आटतो आणि तिने उभे केलेले सगळे महापालिकेच्या महसुली खात्यावर येऊन पडते. डांबराला ही अडचण तितकी जाणवत नाही, कारण खड्डा पडला की वृत्तपत्रात फोटो येतो. पदपथावरचा खचलेला ब्लॉक मात्र ज्येष्ठ नागरिकाचे हाड मोडेपर्यंत बातमी होत नाही. शिवाय फीत कापायला भांडवली काम लागते. चेंबरचे झाकण पदपथाच्या पातळीत आणल्याबद्दल आजवर कोणी फीत कापलेली नाही.

अंदाजपत्रक मंजूर होताना आणि मंजूर झाल्यावर काय होते, हे कळले म्हणजे चित्र आणखी स्पष्ट होते. आयुक्त आपले अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, समिती त्यात आपली भर घालते आणि सर्वसाधारण सभा ते मंजूर करते; आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. या प्रवासात प्रभागांतल्या कामांसाठी नगरसेवकांच्या सूचनेनुसार तरतुदी होतात. पुण्यात त्यांना ‘स’ यादी म्हणतात. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर काही वर्षे हे सारे निर्णय प्रशासकाच्या हाती होते, पण पद्धतीचा सांगाडा तोच राहिला. खरी गंमत यानंतर सुरू होते. एका लेखाशीर्षातली न वापरलेली रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवता येते. त्याला वर्गीकरण म्हणतात. ते पूर्णपणे कायदेशीर आहे आणि कित्येकदा आवश्यकही असते, कारण पाइप फुटला तर पैसे कुठून तरी आणावेच लागतात. पण सायकलमार्गासारख्या कामात जागेचा वाद, झाडांची परवानगी, दुकानदारांचा विरोध आणि पार्किंग हलवण्याची नाराजी हे सगळे आधी निस्तरावे लागते; तोवर डिसेंबर उजाडतो, रक्कम तशीच पडून दिसते आणि मार्चअखेर ती लवकर खर्च होणाऱ्या कामाकडे जाते. लवकर खर्च होणारे काम म्हणजे बहुधा डांबर किंवा काँक्रीट. त्यामुळे एप्रिलमध्ये ‘सायकलमार्गांसाठी इतके कोटी’ अशी बातमी छापून येते तेव्हा ती तरतुदीची बातमी असते, खर्चाची नव्हे. या दोन आकड्यांमधली तफावत मला कुठल्याही धोरणापेक्षा बोलकी वाटते. आठशे किलोमीटरांहून अधिक लांबीचे सायकल जाळे सुचवणारा आराखडा हाताशी असूनही रस्त्यावर सलग सायकलमार्ग क्वचितच भेटतो, याचे एक कारण या तफावतीत आहे.

दुसरे कारण निविदेत आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मानकानुसार, म्हणजे आयआरसी १०३ नुसार, चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी पट्टी असावी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. आता एखादा नेहमीचा पदपथ बघा. कडेचा दगड फूटभर उंच, दर दहा-पंधरा पावलांवर एका इमारतीचे फाटक, प्रत्येक फाटकापाशी पदपथ कापून मोटारीसाठी खाली उतरवलेला, मध्येच विजेची डीपी, पुढे जाहिरातीचा खांब आणि शेवटी चौकात उतार नसलेली कड. हे सगळे मूर्खपणातून होते असे नाही. ठेकेदाराला पैसे मिळतात ते मोजमाप पुस्तिकेत नोंदल्या जाणाऱ्या बाबींचे: इतके मीटर कडेचा दगड, इतके चौरस मीटर ब्लॉक. पूर्वगणनपत्रकात, म्हणजे कामाच्या खर्चाच्या अंदाजात, डीपी हलवण्याचा खर्च धरलेलाच नसेल, तर ब्लॉक तिला वळसा घालून बसतात आणि काम कागदावर पूर्ण होते. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार ही बाबच अंदाजात नसेल, तर तो बांधणाऱ्याला कोणी पैसे देणार नाही. फाटकापाशी पदपथ सपाट ठेवून मोटारीने चढून जावे, अशी रचना मानकांना अभिप्रेत आहे आणि ती महागही नाही. पण तिचे रेखाचित्र निविदेला जोडलेले असावे लागते. चांगला आराखडा करणाऱ्या वास्तुरचनाकाराचे शुल्क एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असते आणि नेमके तेच वाचवण्याकडे कल असतो. जंगली महाराज रस्त्याची नवी रचना झाली तेव्हा पदपथ, पार्किंग, झाडे आणि बसण्याच्या जागा एकाच रेखाचित्रात आखल्या गेल्या. तिथला फरक मुख्यतः त्या रेखाचित्राचा आहे.

पादचाऱ्यांच्या नावाने झालेला प्रत्येक खर्च पादचाऱ्यांसाठी असतोच असेही नाही. मुंबईत २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक झाला आणि पुढच्या काही वर्षांत महानगर प्रदेशात असे अनेक बांधले गेले. काही स्थानकांबाहेर त्यांचा उपयोग झाला, हे मान्य. पण जमिनीवरचा रस्ता वाहनांना मोकळा करून देण्यासाठी माणसांना जिने चढायला लावायचे, आणि तो खर्च पादचारी सुविधेत मोजायचा, ही हिशेबाची चलाखी आहे.

बसप्रवाशाचा हिशेब वेगळा लागतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात सार्वजनिक रस्ते बांधणे व सांभाळणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, तर लोकांसाठी वाहतूक सेवा चालवणे हे ऐच्छिक. पुण्यात २००७ मध्ये दोन्ही शहरांच्या परिवहन संस्था एकत्र करून पीएमपीएमएल स्थापन झाली आणि तिची संचलन तूट पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिका ६० आणि ४० टक्के अशा प्रमाणात भरून देतात. ही तूट ‘बोजा’ म्हणून दरवर्षी चर्चेला येते. उड्डाणपुलाच्या देखभालीला मात्र तूट म्हणण्याची पद्धत नाही, कारण त्यावर तिकीट नसते. या तुटीचा रस्त्याच्या रचनेशी किती जवळचा संबंध आहे, हे एका सोप्या गणिताने दाखवता येते. एखाद्या मार्गावर जाऊन-येऊन फेरीला ६० मिनिटे लागत असतील, तर दर १० मिनिटांनी बस सोडण्यासाठी ६ बस पुरतात. कोंडीमुळे तीच फेरी ९० मिनिटांची झाली तर तितकीच सेवा देण्यासाठी ९ बस, त्यांचे चालक, वाहक आणि इंधन लागते, आणि प्रवासी मात्र एकही वाढत नाही. उलट कंटाळून दुचाकी घेणारे वाढतात. म्हणून बसची स्वतंत्र मार्गिका ही तूट कमी करणारी गुंतवणूक आहे. नगर रस्त्यावरची बीआरटी मार्गिका २०२३ पासून काढून टाकण्यात आली तेव्हा चर्चा झाली ती मोटारींच्या कोंडीची. बस मंदावल्याने वाढणारा खर्च कोणत्या लेखाशीर्षावर पडणार, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. केंद्राच्या ऑगस्ट २०२३ मधल्या पीएम ई-बस सेवा योजनेत १०,००० विजेवरच्या बसचे उद्दिष्ट आहे आणि ती संचलनाच्या खर्चालाही हातभार लावते, ही जुन्या योजनांच्या मानाने सुधारणाच म्हणायची. पण नवी बसही त्याच कोंडीत उभी राहिली तर हा आधार कोंडीतच जिरणार.

मेट्रोचेही असेच. पुणे मेट्रोचा पहिला टप्पा डिसेंबर २०१६ मध्ये ११,४२० कोटी रुपयांच्या अंदाजाने मंजूर झाला आणि मार्च २०२२ पासून गाड्या धावू लागल्या. स्थानकाचा जिना उतरला की मेट्रोची हद्द संपते आणि पुढचा पदपथ महापालिकेचा. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात स्थानकाभोवतीच्या पाच किलोमीटर परिसरापर्यंत पूरक बससेवा, पदपथ आणि सायकलमार्ग यांची अपेक्षा आहे, पण अपेक्षा आणि लेखाशीर्ष या दोन वेगळ्या गोष्टी.

यावर उपाय म्हणून चेन्नईने २०१४ मध्ये एक धाडसी वाट धरली. तिथल्या महापालिकेने विनामोटार वाहतुकीचे धोरण मंजूर करताना वाहतुकीच्या तरतुदीतला किमान ६० टक्के भाग चालणे व सायकल यांच्या सुविधांवर खर्च करण्याचे ठरवले. बरेच पदपथ त्यानंतर रुंद झाले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये पाँडी बाजारचा पादचारी चौक खुला झाला. टक्केवारी ठरवण्याचा फायदा असा की दरवर्षी नव्याने भांडावे लागत नाही. तोटाही आहे: डांबरी रस्त्याला लागून दगडाची एक ओळ बसवली आणि सगळा खर्च पदपथात दाखवला, तरी टक्केवारी भरते. म्हणून टक्केवारीबरोबर किती लांबीचा सलग, मानकांनुसारचा पदपथ झाला, याचे मोजमाप जाहीर होणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

कायद्याचा आधार अलीकडे भक्कम झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, अतिक्रमणमुक्त आणि दिव्यांगांना वापरता येण्याजोगे पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि राज्यांना त्यासाठी मार्गदर्शक सूचना करायला सांगितले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रचनेची किंवा देखभालीची मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा, सल्लागार किंवा ठेकेदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम क्षुल्लक आहे, पण रचनेतला दोष हाही गुन्हा ठरू शकतो हे तत्त्व क्षुल्लक नाही.

एक उत्पन्न मात्र महापालिकेच्या स्वतःच्या हातात असूनही ती घेत नाही, ते म्हणजे पार्किंग. रस्त्याकडेला उभी एक मोटार साधारण बारा चौरस मीटर सार्वजनिक जमीन अडवते, आणि बहुतेक ठिकाणी फुकट. पुण्याचे पार्किंग धोरण सर्वसाधारण सभेत मंजूर झाले ते गदारोळातच, आणि शेवटी प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांपुरते. पुढे तेही रेंगाळले. फुकट पार्किंगचा खर्च अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही, त्यामुळे त्याला अनुदान म्हणावे असे कोणाला सुचत नाही.

सामान्य नागरिकाला यात हात घालता येईल अशा जागा थोड्या आहेत, पण आहेत. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करण्याची पद्धत आहे. साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात क्षेत्रीय कार्यालये अर्ज मागवतात आणि एका कामासाठी अनेक वर्षे ५ लाख रुपयांची मर्यादा राहिली आहे. तेवढ्यात रस्ता नव्याने होत नाही, परंतु शाळेसमोर पदपथाच्या पातळीचा उंच झेब्रा, चौकाच्या कोपऱ्यांवरचे उतार किंवा रस्ता ओलांडताना थांबायला मधले बेट, अशी कामे त्या आवाक्यातली आहेत. अर्जात ‘पदपथ दुरुस्त करावा’ असे मोघम लिहिण्याऐवजी अमुक चौकाच्या चार कोपऱ्यांवर आयआरसी १०३ नुसार उतार आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटर असे लिहिले, तर पूर्वगणनपत्रक करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला ती बाब वगळणे अवघड जाते. आणि काम मंजूर झाल्यावर फेब्रुवारीत माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागवाव्यात: त्या लेखाशीर्षाची मूळ तरतूद, त्यातून झालेली वर्गीकरणे आणि ठेकेदाराच्या दोषदायित्वाच्या कालावधीची शेवटची तारीख, कारण त्या तारखेपर्यंत खचलेला ब्लॉक बसवून देणे हे ठेकेदाराचेच काम असते आणि त्यासाठी नवी तरतूद लागत नाही.